जुन्या जीपची पुढची चाके



या व्यासपीठावरून साहित्य, इतिहास, अध्यात्म अशा विषयांवर विद्वानांची भाषणे होत असतात. आम्ही विद्वान नव्हे. आमची शाळा लवकर सुटली. पुढचे शिक्षण गॅरेजच्या खड्ड्यात, युनियनच्या कचेरीत आणि सार्वजनिक वाचनालयाच्या बाकावर झाले. म्हणून चालकांनी विषय विचारला आणि आम्ही "जुन्या जीपला पुढे कोणती कमान बसवावी" असे उत्तर दिले, तेव्हा त्यांनी तोच प्रश्न पुन्हा एकदा, जरा मोठ्याने विचारला. त्यांचा दोष नाही. गाडीत बसणाऱ्या माणसाला चाक दिसते, रंग दिसतो. चाक आणि गाडी यांच्यामध्ये काय आहे ते खड्डा आल्याखेरीज कळत नाही.

जव्हार-मोखाड्याकडे हा प्रश्न रिकामपणाचा नाही. खोडाळ्याच्या किंवा सूर्यमाळच्या बाजूच्या एखाद्या पाड्यावरून अडलेली बाई जव्हारच्या पतंगशहा कुटीर रुग्णालयात आणावयाची, तर पुष्कळदा जीपच धावून जाते. दिवाळीनंतर वीटभट्टीला निघालेली कुटुंबे, बाजारची माणसे, बोहाड्याच्या रात्री सोंगे पाहावयास निघालेले अख्खे पाडे, यांना एस.टी. पुरत नाही, त्यांना जीप पुरते. आणि या जीपच्या चाकामागे जो माणूस दिवसभर बसतो त्याची कंबर किती वर्षे टिकणार, हे त्या पुढच्या कमानीवर पुष्कळसे अवलंबून असते.

मोठ्या शहरांतून हल्ली एक नवी हौस निघाली आहे. जुनी मोटार घ्यावयाची, बाहेरचे रूप जसेच्या तसे ठेवावयाचे आणि आत नवे इंजिन, नवे ब्रेक, नवे स्टेअरिंग घालावयाचे. तिला रेस्टोमॉड म्हणतात. आपल्या भाषेत जीर्णोद्धार हा चांगला शब्द आहे, परंतु जीर्णोद्धारात मूर्ती बदलत नाहीत. येथे मूर्तीच बदलते आणि कळस तेवढा जुना राहतो. या हौसेत सर्वांत अवघड प्रश्न पुढच्या चाकांचा. कारण मागच्या चाकांना भार वाहावयाचा आणि गाडी ढकलावयाची. पुढच्या चाकांना भार वाहून शिवाय वळावयाचे असते, आणि ब्रेक लावला की गाडीचा सारा ओढा त्यांच्यावरच येतो.

आमच्याकडे हा प्रश्न एका तरुणाने आणला. त्याच्या वडिलांची जुन्या विलीज घाटाची जीप होती. वडिलांची कंबर गेली, ते घरी बसले, गाडी मुलाकडे आली. मुलाने ठरविले की गाडी मुळापासून नवी करावयाची. कुर्ल्याच्या भंगार बाजारात त्याला एका अलीकडच्या गाडीची पुढची संपूर्ण जोडणी मिळत होती: दोन्ही बाजूंचे हात, गुंडाळीच्या स्प्रिंगा, शॉकअप, स्टेअरिंग, सगळे एका आडव्या तुळईवर बसलेले. जीपचे पाटे आणि एक्सल कापून काढावयाचे आणि ही तुळई वेल्डिंग करून बसवावयाची. कर्जाच्या अर्जावर त्याला आमची शिफारस हवी होती. "साहेब, या पाट्यांनी माझ्या बापाची कंबर खाल्ली. माझीही खाऊ देऊ का?" असे त्याने विचारले. ज्यांनी जन्मभर कामगाराच्या शरीराची बाजू मांडली त्यांना या प्रश्नाला झटकन् नाही म्हणता येत नाही. म्हणून आम्ही आठ दिवस मागून घेतले. त्या आठ दिवसांत जे वाचले, विचारले आणि ताडून पाहिले ते आपणांपुढे ठेवतो.

प्रथम पाट्यांचे पाहू. जीपला पुढे आणि मागे दोन्हीकडे एकसंध एक्सल, बैलगाडीच्या आसासारखा. त्याच्या दोन टोकांना चाके. एक्सल आणि चासी यांच्यामध्ये पोलादी पट्ट्यांची एकावर एक रचलेली चवड, म्हणजेच पाटे. १९४१ पासून दुसऱ्या महायुद्धात धावलेल्या विलीज जीपची हीच रचना होती. महिंद्र कंपनीने १९४७ पासून मुंबईत जीपगाड्या जोडावयास घेतल्या त्याही अशाच. या पाट्यांची खुबी अशी की ते दोन नोकऱ्या एकाच पगारात करतात. भार पेलतात, आणि एक्सलला पुढेमागे व आडवे सरकू न देता जागेवर धरूनही ठेवतात. पट्ट्या एकमेकींवर घासतात त्यामुळे उसळी थोडीफार आपोआप मरते. पाटा मोडला तर महामार्गावर ट्रकांसाठी पाटे बसविणारा कोणीही कारागीर तो बदलून देतो. मुख्य पाटा शाबूत असेल तर खालचा एखादा मोडूनही गाडी हळूहळू घरी येते.

दोष असा की एका चाकाखाली दगड आला तर दुसरे चाकही कलते, कारण दोघे एकाच दांड्यावर. आणि एक्सलचे सारे वजन स्प्रिंगच्या खाली असते. स्प्रिंगखालचे वजन जितके जास्त, तितका त्याचा धक्का वर जास्त पोचतो. चारही चाकांना ताकद जाणाऱ्या जीपमध्ये तर पुढच्या एक्सलच्या पोटात दातेरी चक्रांचे मोठे ओझे असते.

स्वतंत्र चाकांची रचना याच्या उलट. प्रत्येक चाक आपापल्या हातांवर वरखाली होते. शेजाऱ्याला त्याची खबर नसते. ही काही आजकालची किमया नव्हे. इटलीतील लान्चिया कंपनीने १९२२ साली लॅम्डा नावाच्या मोटारीला पुढची चाके स्वतंत्र दिली होती. आणि आपल्याकडे तर मुंबईच्या साध्या टॅक्सीला ती होती! वालचंद हिराचंद यांनी १९४४ साली प्रीमिअर कंपनी काढली. तिच्या कुर्ल्याच्या कारखान्यात फियाट ११०० तयार होऊ लागली आणि तीच सत्तरच्या दशकात पद्मिनी झाली. त्या गाडीला पुढे प्रत्येक बाजूस वर एक आणि खाली एक असे दुबेळके हात आणि मध्ये गुंडाळीची स्प्रिंग. अँबॅसडरला स्प्रिंगऐवजी लांब पोलादी दांडा, जो पीळ घेतो आणि सोडतो. पाट्यांच्या जीपमधून जव्हारहून निघालेला माणूस मुंबईत उतरून टॅक्सीत बसला की त्याला जे सुख वाटे त्याचे एक कारण हे होते.

पद्मिनीचा विषय निघालाच आहे तर तो येथेच संपवितो. ताडदेवच्या कचेरीत २९ ऑक्टोबर २००३ रोजी नोंदलेली शेवटची पद्मिनी टॅक्सी वीस वर्षांची मुदत भरल्यामुळे २०२३ च्या ऑक्टोबरअखेर मुंबईच्या रस्त्यांवरून गेली. खाजगी गाड्या अजून पुष्कळ आहेत, आणि या सभागृहातही एखाद्याच्या दारात असेल. त्यांना आमचे सांगणे की पुढची चाके मुळीच बदलू नका. किंगपिन आणि बुश नवे घाला, शॉकअप चांगले घाला, आणि ग्रीस वेळेवर भरा. पद्मिनीच्या पुढच्या चाकांबद्दलच्या निम्म्या तक्रारी ग्रीस न भरल्याच्या असतात. कोणी मारुती ८०० सारख्या गाडीचा उभा खांब आणून बसवा म्हणेल. त्या खांबाचे वरचे टोक गाडीच्या अंगालाच टेकते आणि तेथे धक्का सोसणारा मजबूत बुरूज लागतो. पद्मिनीच्या अंगात तो बुरूज कोणी बांधलेलाच नाही.

आता मुलाच्या कंबरेकडे येऊ. पाटे म्हणजे हाल आणि स्वतंत्र चाके म्हणजे सुख, हे खरे आहे काय? याचे उत्तर मॉरिस ऑली नावाच्या इंग्रज इंजिनिअरच्या कामात सापडते. हा गृहस्थ रोल्स-रॉइस सोडून १९३० साली अमेरिकेत कॅडिलॅक कंपनीत गेला. त्याने एक प्रयोगाची मोटार केली. तिच्यावरची वजने हलविता येत आणि स्प्रिंगा बदलता येत. माणसे बसवून त्यांना कसे वाटते ते तो विचारीत असे. त्याच्या ध्यानात आले की पुढच्या स्प्रिंगा मागच्यांपेक्षा मऊ असाव्यात. खड्डा पुढच्या चाकांना आधी लागतो, मागच्यांना नंतर. मागची उसळी थोडी जलद असेल तर ती पुढच्या उसळीला गाठते आणि गाडी सपाट राहते. तसे नसेल तर गाडी होडीसारखी पुढेमागे डुलते. परंतु पुढचे पाटे मऊ केले की एकसंध एक्सलला रोग जडला: वेग वाढताच चाके थरथरू लागत, स्टेअरिंग हातात राहीना. म्हणून १९३४ च्या सुमारास अमेरिकेतल्या मोठ्या कारखान्यांनी पुढची चाके स्वतंत्र केली. नीट पाहा, सुख आले ते मऊपणातून. स्वतंत्र चाके त्या मऊपणाची वाट मोकळी करण्यासाठी आली.

मऊपणा मोजताही येतो, आणि त्याला कॉलेजात जावे लागत नाही. गाडीच्या वजनाखाली स्प्रिंग किती दबते ते पाहावे. स्प्रिंग २५ सेंटिमीटर दबत असेल तर गाडी मिनिटाला सुमारे ६० वेळा वरखाली होते. फक्त ६ सेंटिमीटर दबत असेल तर सुमारे १२०. साठच्या आसपासची उसळी शरीराला सुखाची. माणूस चालताना मिनिटाला शंभर-सव्वाशे पावले टाकतो, तोपर्यंतही चालते. त्यापुढे त्रास सुरू होतो. बसलेल्या माणसाचे धड सेकंदाला चार ते आठ या गतीच्या धक्क्यांना सर्वांत जास्त हादरते, आणि कडक, गंजून एकमेकींना चिकटलेल्या पट्ट्यांची जीप रस्त्याचे नेमके तसलेच धक्के जसेच्या तसे पाठीच्या मणक्यांना पोचविते. पट्ट्या गंजल्या म्हणजे चवडीचा एकच ठोकळा होतो. मग शॉकअपही काम करीत नाही आणि टायर हीच काय ती स्प्रिंग उरते. त्या मुलाच्या बापाची कंबर अशा पाट्यांनी खाल्ली होती. आम्ही गाडीखाली जाऊन पाहिले तेव्हा डाव्या पाट्याच्या पट्ट्यांमध्ये पोस्टकार्डसुद्धा शिरले नसते.

येथे थोडे विषयांतर होईल, परंतु युनियनवाल्याला क्षमा असावी. युरोपात २००२ साली मालकांना बंधन घातले गेले की कामगाराच्या अंगाला यंत्रातून किंवा वाहनातून किती हादरे बसतात ते त्यांनी अजमावावे आणि मर्यादेबाहेर जाऊ देऊ नये. आपल्याकडे मोटार वाहतूक कामगारांसाठी २०२५ पर्यंत १९६१ चा कायदा होता. दिवसाचे आठ तास, आठवड्याचे अठ्ठेचाळीस, असे त्यात लिहिले होते. परंतु तो पाच किंवा अधिक कामगार असलेल्या धंद्याला लागू होता. ज्याचा मालक, ड्रायव्हर आणि क्लीनर हे तिघे मिळून एकच माणूस आहे त्याला कोणता कायदा लागू करणार? त्याने मागणीपत्र कोणाला द्यावे? त्याच्या बाबतीत स्प्रिंगची निवड हीच कामाच्या अटींची वाटाघाट होते.

तर भंगारातली ती जोडणी घ्यावी काय? तिच्या बाजूचे सर्व आम्ही मान्य केले: मऊपणा, हलके स्टेअरिंग, चांगल्या रस्त्यावरचा स्थिरपणा. आक्षेप चासीचा होता. जीपची चासी म्हणजे शिडी. पाट्यांचा भार या शिडीला प्रत्येक बाजूस दोन दूरदूरच्या जागी टेकतो आणि चासी थोडी पिळली तरी बिघडत नाही. तिची घडणच पिळण्यासाठी आहे. स्वतंत्र हातांचा सगळा धक्का एका आडव्या तुळईतून मोजक्या जागी उतरतो. तेथे चासी पिळली की चाकांचे कोन बदलतात. ज्या गाडीची ती जोडणी, तिची चासी त्या हिशोबाने बांधलेली असते. आमच्या शिडीची नाही. शिवाय स्टेअरिंगचा दांडा आणि चाकाचे हात यांची लांबी व उंची एकमेकांना जुळावी लागते. ती बोटभर चुकली तर चाक खड्ड्यात वरखाली झाले की ड्रायव्हरने न वळविताच वळते. मोखाड्याहून त्र्यंबकेश्वरकडे जाणाऱ्या घाटवळणावर, पावसात, मागे माणसे बसलेली असताना चाक आपल्या मनाने वळू लागले तर काय होईल ते आम्ही सांगावयास नको.

कायद्याचेही ऐकावे. मोटार वाहन कायद्याचे ५२ वे कलम आहे. मूळ कारखानदाराने ठरविलेल्या रचनेशी विसंगत बदल गाडीत करता येत नाही, असे सर्वोच्च न्यायालयाने जानेवारी २०१९ मध्ये स्पष्ट केले. आणि त्याच वर्षीच्या दुरुस्तीने अशा प्रत्येक बदलास पाच हजार रुपये दंड किंवा सहा महिन्यांपर्यंत कैद, अथवा दोन्ही, अशी तरतूद झाली. पन्नास वर्षांहून जुन्या गाड्यांसाठी २०२१ साली वेगळी नोंदणी निघाली. तीही ज्यांची चासी, अंग व इंजिन यांत मोठा फेरफार झालेला नाही अशांसाठीच. हौशी श्रीमंताला पाच हजार म्हणजे एका टायरची किंमत. दरवर्षी तपासणीला उभ्या राहणाऱ्या गाडीवर ज्याची चूल पेटते त्याचे तसे नाही. अपघात झालाच तर विमा कंपनीचा माणूस पहिल्याने ते वेल्डिंग पाहील.

"मग नव्या गाड्यांना स्वतंत्र चाके का असतात?" हे तरुणाने विचारलेच. असतात आणि नसतातही. २०२० साली आलेल्या थारला पुढे दुबेळके हात आणि गुंडाळीच्या स्प्रिंगा आहेत. परंतु २०२३ साली आपल्याकडे विकावयास आलेल्या जिम्नीला पुढे एकसंध एक्सलच आहे. फक्त त्यावर पाट्यांऐवजी गुंडाळीच्या स्प्रिंगा आहेत. इंग्लंडच्या रेंज रोव्हरने १९७० सालीच असे केले होते. म्हणजे एकसंध एक्सल हा गरिबीचा शिक्का नव्हे. ओबडधोबड वाटेवर एक चाक वर गेले की दुसरे आपोआप खाली दाबले जाते आणि एक्सलखालची मोकळी उंची तशीच राहते. ऑलीने पाहिलेली थरथर वेगाचा रोग आहे. जव्हारच्या घाटात ताशी तीस-चाळीसच्या पुढे कोणाला जावयाचे आहे? याच जिम्नीसारख्या गुंडाळीच्या स्प्रिंगा जीपच्या एक्सलवर बसविण्याची कल्पनाही काहींनी मांडली. पण एक्सलला धरून ठेवण्याची पाट्यांची दुसरी नोकरी मग कोणी करावयाची? त्यासाठी नवे दांडे आणि नवे कंस चासीला जोडावे लागतात, आणि आपण फिरून त्याच वेल्डिंगपाशी येतो.

एक गोष्ट मात्र मूळ रचनेत खरोखर वाईट आहे. विलीज घाटाच्या जीपमध्ये पाट्याचे मागचे टोक चासीला पक्के आणि पुढचे टोक झुलत्या कडीवर, म्हणजे शॅकलवर असते. पाटा दबून लांब होतो तेव्हा एक्सल पुढे सरकतो. म्हणजे चाक खड्ड्याच्या कडेला आपटते त्या क्षणी मागे हटून मार गिळण्याऐवजी पुढे होऊन मार घेते. काही लोक शॅकल मागे नेऊन हे उलटे करतात. त्याचा गुण आहे, पण ब्रेक मारल्यावर नाक जास्त दबते आणि कामही पुन्हा चासी कापण्याचे. त्याहून वाईट रिवाज लांब शॅकल घालून गाडीचे नाक उंच करण्याचा. त्याने किंगपिनचा मागे असलेला कल कमी होतो आणि वळणानंतर स्टेअरिंग आपणहून सरळ येईनासे होते. छायाचित्रात मात्र गाडी रुबाबदार दिसते.

मागच्या पायरीवर लोंबकळणाऱ्या माणसांबद्दलही सांगितले पाहिजे, कारण हे ऐकावयास कोणाला आवडत नाही. गाडीच्या शेपटीवर भार वाढला की पुढची चाके हलकी होतात आणि रस्त्यावरची त्यांची पकड सुटते. त्यावर कोणतीही स्प्रिंग इलाज नाही. परंतु याच गोष्टीची दुसरी बाजू उपयोगाची आहे: जीप भरली काय, रिकामी काय, पुढच्या चाकांवरचा भार फारसा बदलत नाही, बदल होतो तो मागे. म्हणून मागचे पाटे कडक ठेवणे भाग असले तरी पुढचे मऊ करण्यास जागा आहे. जुन्या मालकांनी मागे एक पट्टी वाढविली की पुढेही एक वाढविली, जणू दोन्ही मुलांना सारखा सदरा.

आम्ही शिफारस दिली, ती पाट्यांसाठी. एक्सल तोच, जागा त्याच. पुढे कमी पट्ट्यांचे पाटे घ्यावयाचे. त्यांच्या पट्ट्या मध्ये जाड, टोकांकडे पातळ होत गेलेल्या असतात आणि फक्त मध्ये व टोकांनाच एकमेकींना टेकतात, त्यामुळे घर्षण जवळजवळ नसते. घर्षण गेले म्हणजे उसळी मारण्याचे सारे काम शॉकअपवर येते, तेव्हा शॉकअप स्वस्तातले चालणार नाहीत. पैसे तेथे घालावयाचे. बुश, शॅकल, किंगपिन, टायरॉडची टोके सगळी नवी. टायरमध्ये हवा ठरलेलीच, "भार आहे" म्हणून दगडासारखी भरावयाची नाही. भंगारातल्या जोडणीचे जे पैसे वाचले त्यांतून ब्रेक पुरते नवे झाले आणि ड्रायव्हरची बैठक बदलली. पूर्वी तेथे लोखंडी पत्र्यावर दोन बोटे काथ्या होता.

तरुण पुरता खूश झाला असे आम्ही म्हणणार नाही. त्याला थारसारखी गाडी हवी होती आणि मिळाली जीपच. पण पावसाळ्यापूर्वी गाडी रस्त्यावर आली आणि वडिलांना त्याने एकदा जव्हारपर्यंत शेजारी बसवून नेले. म्हातारा वाटभर काही बोलला नाही, उतरताना फक्त पुढच्या चाकापाशी वाकून पाटे मोजले. नवीन पाटे बसविल्यावर हजारएक किलोमीटरांनी यू-बोल्ट पुन्हा आवळावे लागतात. ते काम त्याने आमच्यादेखत केले.